गावचं तळं कुणाच्या मालकीचं?



आज बोलायचंय सार्वजनिक जमिनीबद्दल. महाराष्ट्रात आपण तिला गायरान म्हणतो. तुमच्यापैकी जे गुजरातेत आहेत त्यांना गौचर माहीत असेल, मध्य प्रदेशात चरनोई, कर्नाटकात गोमाळ, पंजाबात शामलात. तमिळनाडूत म्हणतात पोरंबोक. हा मुळात महसुली शब्द, पण बोलीत तो कुचकामी माणसाला द्यायची शिवी झालाय. जी एकाच्या नावावर नाही ती कुणाचीच नाही, ही समजूत भाषेत किती मुरली आहे बघा.

मग मालक कोण? सरकार? दप्तरी ‘सरकार’ लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला तसं वाटतं. पण १९९६ साली, हिमाचलात बियास नदीकाठची वनजमीन एका मोटेलला दिल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा संपत्तीचं सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्त सांभाळतो. त्याला वाटेल तसं वाटता येत नाही. न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला.

आता पंजाबात चला. पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर नावाचं गाव आहे. तिथलं तळं काही लोकांनी भराव घालून बुजवलं आणि वर बांधकाम केलं. ग्रामपंचायतीने अर्ज केला. जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय काय द्यावा? तर कब्जा काढू नये, जमिनीची किंमत वसूल करून ती त्यांनाच द्यावी! आणि ग्रामपंचायत? लोकांनी निवडून दिलेली ती पंचायत गप्प बसली. अपीलसुद्धा केलं नाही. अपील केलं गावातल्या काही माणसांनी, आयुक्तांकडे. २००७ मध्ये आयुक्तांनी तो आदेश फिरवला आणि पंचायतीचं अतिक्रमणवाल्यांशी संगनमत असल्याचं स्पष्ट लिहिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जगपाल सिंग खटला म्हणतात तो हाच.

२८ जानेवारी २०११ चा निकाल. कब्जा किती जुना, बांधकामावर खर्च किती, ओळखी किती वरपर्यंत, यातलं काहीही अतिक्रमण कायम करायला कारण होऊ शकत नाही. पंजाब सरकारचं कब्जे नियमित करायला मुभा देणारं पत्रसुद्धा बेकायदा ठरलं. आणि सगळ्या राज्यांना आदेश: गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून ग्रामसभेला परत द्यायची योजना तयार करा.

यात एक अपवाद ठेवलाय, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींची माणसं यांना सरकारने रीतसर पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना असेल, तर विचार होऊ शकतो. कारण मोहीम निघाली की बुलडोझर आधी झोपडीपाशी पोचतो. पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयापाशी येईपर्यंत त्याचं डिझेल संपतं.

आता लोकशाहीचं काय? तळ्याला मत नसतं, ते बुजवणाऱ्याला असतं. त्यामुळे मोजून मतं घेणारा सरपंच त्याच्या बाजूला झुकतो, यात नवल काही नाही. म्हणून नुसती निवडणूक पुरत नाही. रोहर जागीरमध्ये खालची पायरी ढासळली तेव्हा वरची कामी आली, आणि तीही कुणीतरी जाऊन दार वाजवलं म्हणून.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम १४ मध्ये, एक चांगली तरतूद आहे. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर ज्याचं अतिक्रमण आहे, तो सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण वडिलांचं, मी फक्त तिथे राहतो, ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंद केली. पण इथेही तक्रार कुणीतरी करावी लागते, आणि सोबत कागद जोडावा लागतो.

तो कागद तलाठ्याकडे असतो. तुमच्या राज्यात त्याला पटवारी म्हणत असतील. गावच्या गायरानाचे, तळ्याचे गट नंबर आणि क्षेत्र विचारा, उतारा घ्या, आणि मग जागेवर जाऊन चालून बघा, तेवढी जमीन अजून शिल्लक आहे का.