पंखा सुरू आहे, पण धूर खरंच ओढला जातोय का?

वेल्डिंगच्या टेबलावर धूर ओढणारा हूड आहे, पंखाही घरघरतोय. मग कामगार सुरक्षित आहे का? आवाजावरून ते कळत नाही. फिल्टर तुंबला, पाइप फाटला, इतकंच काय, वायरिंग चुकून पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा ओढली जातेच. 'चालू आहे' असं वाटत राहतं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला कॅन्सरकारक ठरवलं.

ब्रिटनमध्ये या यंत्रणेची किमान दर 14 महिन्यांनी सखोल तपासणी सक्तीची आहे. अहवाल 5 वर्षं जपून ठेवावा लागतो. तपासनीस हूडपाशी आणि पाइपात हवेचा वेग, दाब मोजतात आणि यंत्रणा बसवतानाच्या आकड्यांशी ताडून बघतात. मग कृत्रिम धूर सोडतात. तो हूडमध्ये जातो की कामगाराच्या तोंडाकडे, हे तिथेच दिसतं. एरवी न दिसणारी बारीक धूळ प्रखर प्रकाशझोतात दिसते. नापास हूडवर लाल लेबल लागतं.

भारतात 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 14 सांगायचं की, घातक धूळ किंवा धूर निघतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ तो ओढून घ्या.

'जवळ' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. हूडच्या तोंडाचा व्यास 20 सेंटीमीटर असेल, तर तेवढ्याच अंतरावर हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे काम करताना हूड वीतभर बाजूला सरकवला, तर तपासणीत पास झालेली यंत्रणाही धूर ओढेलच असं नाही.