दुबईचे तिकीट काढण्याआधी

संयुक्त अरब अमिरातीत फिरायला जाणाऱ्या बहुतेक भारतीयांना निघण्याआधीच व्हिसा काढावा लागतो. तो 30 किंवा 60 दिवसांचा असतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर 14 दिवसांचा व्हिसा तिथे उतरल्यावर घेता येतो. दोन्ही वेळी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

खरी अडचण अनेकदा नावापाशी येते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून नुसते ‘सुमन’ लिहिलेल्या पासपोर्टवर नोव्हेंबर 2022 पासून पर्यटक व्हिसा मिळत नाही. दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालते. आजीचा जुना पासपोर्ट आधी उघडून पाहा.

सामानाचेही तसेच. खसखशीवर तिथे बंदी आहे, त्यामुळे लेकीसाठी प्रेमाने केलेले अनारसे घरीच ठेवलेले बरे! कोडीनयुक्त औषधांसाठी तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते.

मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला 50 दिरहम दंड पडतो. आणि ‘पर्यटक व्हिसावर जा, नोकरी तिकडे लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, आणि पकडला जातो तो कामगार, एजंट नव्हे. नियम अधूनमधून बदलतात. तिकिटाआधी अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा.