टोकियो स्टेशनात अर्धा तास तरी काढाच!

कामानिमित्त जपानला जाणार असाल, तर मीटिंगा उरकल्यावर टोकियो स्टेशनातल्या मिठाईच्या दुकानांत जरूर फिरा. छोट्या धंद्याच्या मार्केटिंगची ती फुकटची शिकवणी आहे.

परगावाहून परतताना ऑफिसातल्या सगळ्यांसाठी खाऊ न्यायचा, हा तिथला रिवाज. त्याला ओमियागे म्हणतात. माल या रिवाजाच्या हिशेबानेच बांधलेला असतो. खोक्यावर किंवा पाटीवर नग ठळक लिहिलेले: ८, १२, २४. सहकारी मोजायचे, खोकं उचलायचं. आतला नग न् नग वेगळ्या वेष्टनात, म्हणजे वाटताना बशी नको, सुरी नको. काउंटरवर आतला माल दिसेल असा नमुना मांडलेला, कारण भेट म्हणून नेणारा माणूस खोकं फोडून बघणार कसा?

आणि गावाचं नाव! ‘शिरोइ कोइबितो’ ही बिस्किटं १९७६ पासूनची, ओळख होक्काइदो बेटाची. ‘टोकियो बनाना’ हा केक १९९१ चा. टोकियो काही केळ्यांसाठी प्रसिद्ध नाही, तरी नावात शहर चपखल बसवलंय. (मला हा शुद्ध आगाऊपणा वाटतो, पण खपतो!)

आपली चिक्की मात्र अजून बहुतेक ठिकाणी पाव किलो, अर्धा किलो. ‘१२ जणांसाठी’ असं खोकं काढायला फार खर्चही नाही.

आणि हो, जपानला जाताना व्हिजिटिंग कार्डं भरपूर न्या. दोन्ही हातांनी द्या-घ्या, आणि मिळालेलं कार्ड लगेच खिशात कोंबू नका.