शहाण्यांचं घोडं कुठे अडतं?

मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं. एवढ्यावर मेणबत्ती भिंतीला अशी लावायची, की खाली टेबलावर मेणाचा थेंब पडता कामा नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचं हे गाजलेलं कोडं. बरेच जण थेट मेणबत्तीलाच टाचणी टोचू पाहतात. उत्तर किती सोपं! टाचण्या ओता, रिकामं खोकं भिंतीला टाचा आणि त्यात मेणबत्ती उभी करा. पण टाचण्या ठेवायचं म्हणून समोर आलेलं खोकं फळीसारखं वापरता येईल, हे सुचतच नाही. तेच खोकं रिकामं ठेवलं, की कितीतरी जास्त लोकांना कोडं सुटतं.

आणखी गंमत म्हणजे, 1966मध्ये ग्लक्सबर्ग आणि वाइसबर्ग यांनी खोक्याचं नाव टाचण्यांपासून वेगळं काढून सांगितलं, तेवढ्यानेही उत्तर लवकर सापडलं. एका शब्दाने वस्तू नव्याने दिसू लागते!

भरल्या खोक्याची अडचण पाच वर्षांच्या पोरांना मात्र नसते. अशाच एका कोड्यात ती अडली नाहीत, सहा-सात वर्षांची अडली.

आता जरा आकडेमोड. तीन भांड्यांची मापं 21, 127 आणि 3. पाणी हवं 100. मधल्या भांड्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा वजा करा, झालं. एब्राहम लुचिन्स यांनी 1942च्या प्रयोगात अशी गणितं ओळीने घातली आणि मग विचारलं: 23, 49, 3, हवं 20. सरळ 23 वजा 3! तरी बहुतेकांनी जुनाच लांबचा रस्ता धरला. सवय लागायला पाच-सहा गणितं पुरतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि सगळ्यांत भारी, नॉर्मन मायर यांचा 1931चा प्रयोग. छताला दोन दोऱ्या, त्यांची टोकं एकमेकांना बांधायची. पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. उपाय असा, की एका दोरीला पक्कड बांधून ती झुलवायची. लोक अडले, की मायर सहज जाताजाता दोरीला धक्का लावत. मिनिटभरात अनेकांना उत्तर सुचे. कसं सुचलं? धक्क्याचं नाव फारच थोड्यांनी घेतलं. मानसशास्त्राचेच एक प्राध्यापक म्हणाले, झाडांवरून झोके घेणारी माकडं डोळ्यांपुढे आली!