दार उघडे, पण वेळ कोणाची?

भिवंडीत उच्च शिक्षणाची सोय नाही, असे आता कोणी म्हणणार नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये शहरात आहेत आणि त्यांची दारे कायद्याने कोणालाही बंद नाहीत. तथापि यंत्रमागावर राबणाऱ्या घरातील मुलाला त्या दारातून आत जाणे कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतोच. दार बंद असलेल्या समाजांनी पूर्वी काय केले, हे या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेत १८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांना बजावले की, शेतकी व यांत्रिक शिक्षणाचे केंद्रीय अनुदान हवे असेल तर कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, अथवा त्यांच्यासाठी निराळी संस्था काढा. दक्षिणेकडील राज्यांनी निराळ्या संस्था काढल्या आणि त्यांना पैसा मात्र हात आखडून दिला. उत्तर कॅरोलायना राज्याचे १८९१ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय त्यांपैकीच एक. परंतु याच संस्थेतील चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथील एका दुकानात गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि तेथून सत्याग्रहाची लाट दक्षिणेत पसरली. भेद टिकविण्यासाठी काढलेल्या संस्थेनेच भेदावर घाव घालणारे तरुण घडविले.

महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळी वाट धरली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले. दलितांच्या उन्नतीसाठी निघालेल्या या संस्था सर्व जातींना मोकळ्या होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रवेश दिला म्हणजे कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही. सिद्धार्थमध्ये सकाळी वर्ग भरत. नोकरी करणाऱ्यास ते आटोपून कचेरी गाठता येई. मिलिंदच्या परिसरात खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहे होती. तेथूनच पुढे दलित साहित्याला बळ मिळाले.

अशा ज्ञानाची किंमत समाजाने सहजासहजी मान्य केली नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. विद्यापीठ कोणाचे, हाच त्या संघर्षातील खरा प्रश्न होता.

भिवंडीत हा प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. माग दोन पाळ्यांत चालतात. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. एका पाळीचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल अडचणीत. मुले मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांतून शिकून येतात आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच भाषेपाशी अडखळतात. येथे जातीचा वा धर्माचा अडसर घातलेला नसेल; परंतु वेळापत्रकाचा अडसर तितकाच भक्कम असू शकतो.

म्हणून नव्या इमारतींपेक्षा पाळीशी जुळणारे वर्ग, वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती, रात्री उघडी राहणारी अभ्यासिका आणि भाषेचा पूरक वर्ग यांची निकड अधिक आहे. विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीने यावे, हा जुना नियम. संस्थेने विद्यार्थ्याच्या घड्याळाकडे पाहावे, हा सिद्धार्थ महाविद्यालयाने घालून दिलेला धडा. भिवंडीतील शिक्षकांनी आणि संस्थाचालकांनी तो गिरविल्यास मागावरच्या मुलाला पदवी आणि पोट यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.