प्रार्थनेची चटई

"तुमच्याकडे देवघर नसतं, निरांजन नसतं, नैवेद्य नसतो. मग पोरांना देव कळतो तरी कसा गं?"

आमच्या शेजारच्या काकूंनी पापड लाटता लाटता मला हे विचारलं. त्यात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. आणि खरं सांगू का, प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या घरात रोज सांजवात लागते तिथलं दीड-दोन वर्षांचं लेकरूही बघून बघून हात जोडायला लागतं. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरात काय असतं? भिंतीवर फार तर एक क्रूस, वचनांचं कॅलेंडर आणि कपाटात पवित्र शास्त्र. वसईकडच्या कॅथलिक घरांत छोटी वेदी असते, मारियामातेची तसबीर असते, घरात रोझरी म्हटली जाते. आमच्याकडे तेही नाही. मग मुलांना दिसतं कोण? आम्हीच. आई, वडील, आजी. आमच्याकडे बघूनच त्यांना देव कळायचा. म्हणजे जबाबदारी केवढी, बघा!

आमचं तालुक्याचं गाव. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं नगर. अमेरिकन मिशनरी नगरला आले ते १८३१ साली. त्यामुळे या भागात कित्येक ख्रिस्ती घरांच्या पाच-सहा पिढ्या झाल्या. पण आमच्या गावात मंडळी मोजकीच. वर्गात माझी मुलगी एकटीच ख्रिस्ती. रविवारी तासभर शब्बाथशाळा भरते, तिथं गाणी होतात, गोष्टी होतात, वचनं पाठ होतात. पण आठवड्यातल्या त्या एका तासावर मुलांचा विश्वास उभा राहील, असं म्हणून कसं चालेल? शाळेत शिकवलेले पाढेसुद्धा घरी म्हटले नाहीत तर विसरतात.

बायबलमध्ये 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात ही जबाबदारी घरावरच टाकली आहे. घरात बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठल्यावर मुलांशी देवाच्या गोष्टी बोलत जा, असा त्याचा भावार्थ. म्हणजे धर्म शिकवायची जागा कुठली, तर ओटा, पायवाट आणि अंथरूण!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर हे अगदी पटलं. त्या वर्षी ईस्टर आला १२ एप्रिलला आणि चर्चला कुलूप. शब्बाथशाळा नाही, पाळकसाहेबांचा उपदेश नाही. त्या सकाळी आम्ही पाच माणसं घरातच बसलो. सासऱ्यांनी शास्त्र वाचलं, मुलांनी गाणी म्हटली, सासूबाईंनी प्रार्थना केली. घरातसुद्धा उपासना होते, हे मुलांनी पहिल्यांदा इतकं स्पष्ट पाहिलं.

रात्री आठ वाजता

रोजची प्रार्थना आमच्याकडे आधीपासूनच आहे. रात्री आठला जेवणाआधी पुढच्या खोलीत चटई पडते. टीव्ही बंद, मोबाइल सगळे एका टोपलीत. मोठ्यांचेसुद्धा! कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. एक गाणं, शास्त्रातला छोटासा भाग आणि प्रार्थना. मुलांच्या परीक्षा असल्या की पाचच मिनिटं. लहान मुलं पेंगायला लागली की आवरतं घ्यायचं. लांबलचक प्रार्थनेने मुलांना देव आवडत नाही, झोप आवडायला लागते.

कामं वाटून दिलेली. गाणं धाकटीने निवडायचं, वाचन मोठ्याने करायचं. मग प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या. आज कशाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले आणि आज कुणासाठी प्रार्थना करायची. मुलं जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं हो! "बाईंनी आज मारलं नाही म्हणून आभार." "पिंटूच्या बापाची नोकरी गेली, त्याच्यासाठी." दिवसभर विचारून जे कळत नाही ते त्या चटईवर आपसूक कळतं.

गाणी 'उपासना संगीत' मधली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यात आहेत. शाळेत आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकलो, ते हेच टिळक. घरी टाळ आहेत, सासऱ्यांची जुनी पेटी आहे. मुलांच्या हातात टाळ दिला की त्यांना बोलवावं लागत नाही.

आणि वाचन मराठीतच. मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना सोपं पडतं म्हणून इंग्रजी बायबल द्यायचा मोह होतो. पण ज्या भाषेत आजी रडते, ज्या भाषेत आई रागावते, त्याच भाषेत देवाशी बोलता आलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच ना? अलीकडचं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'ही मुलांना चांगलं समजतं. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते हेच फादर. २०२४ साली ते गेले.

"मी आता प्रार्थना करणार नाही"

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण घरातल्या विश्वासाची खरी परीक्षा चटई टाकण्यात नसते.

२०२१ च्या मे महिन्यात सासरे आजारी पडले. दुसरी लाट होती. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. अठरा दिवस तिने रोज आजोबांसाठी प्रार्थना केली. दुपारी खेळता खेळता सुद्धा मधेच डोळे मिटायची. एकोणिसाव्या दिवशी आजोबा गेले. त्यांना शेवटचं नीट बघताही आलं नाही.

आठवडाभराने पुन्हा चटई पडली तेव्हा ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "मी आता प्रार्थना करणार नाही. देव ऐकत नाही."

खोलीत सगळे गप्प. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. ज्यांचा जोडीदार जाऊन आठवडा झाला होता, त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नको करूस, बाळा. नुसती बस माझ्याजवळ. तुझ्या वाटची मी करते."

ती बसली. त्या रात्री आम्ही स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचलं. त्यात गाणारा माणूस देवाला सरळ जाब विचारतो. एकूण दीडशे स्तोत्रं, आणि त्यांतली कितीतरी अशी रडगाऱ्हाण्याची, तक्रारीची. "हे बायबलमध्ये लिहिलंय?" तिने विचारलं. हो, लिहिलंय. खुद्द येशूने क्रूसावरून देवाला हाक मारली, ती बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांतली. तीही तक्रारच होती. देवावर रागावलेलं माणूससुद्धा देवाशीच बोलत असतं, एवढं तिला सांगितलं. आजोबा का गेले याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, म्हणून ते दिलंही नाही. "देवाला आवडले म्हणून त्याने नेले," असलं काही मुलांना सांगू नये, असं मला वाटतं. मूल मग त्या देवाला घाबरायला लागतं.

दोन-अडीच महिने ती नुसती बसायची. कुणी टोकलं नाही. एक दिवस गाणं निवडायची वेळ आली तेव्हा तिने आजोबांचं आवडतं भजन काढलं आणि पेटी पुसून पपांच्या पुढे ठेवली. ह्यांना पेटी धड येत नाही. सूर चुकले, सगळे हसले आणि सगळेच रडले.

आपला सण, त्यांचा सण

गावात राहायचं म्हणजे मुलं विचारणारच, "आपल्याकडे गणपती का नाही?" उत्तर देताना एक पथ्य पाळलं. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं कमी लेखायचं नाही. "आपण येशूच्या मागे चालतो, त्याची प्रार्थना करतो. मैत्रिणीच्या घरी गेलीस तर नीट वाग, मोठ्यांना नमस्कार कर, त्यांच्या देवाला हसू नकोस." एवढं मुलांना पुरतं. दिवाळीत काकूंच्या फराळाचं ताट येतं, नाताळात आमच्याकडून करंज्या, चकल्या, शंकरपाळे जातात. होय, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या नाताळात केकइतकाच मान करंजीला! दारात कामट्यांची चांदणी लागते ती आमची मुलं आणि काकूंची नातवंडं मिळून चिकटवतात.

पण सण म्हणजे नुसते नवे कपडे नव्हेत, हेही कळायला हवं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्याकडे एक डबा असतो. चाळीस दिवस मुलांनी चॉकलेट, कुरकुरे यांचे वाचवलेले पैसे त्यात टाकायचे. ईस्टरला तो डबा कुणाला द्यायचा ते मुलांनीच ठरवायचं. मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांची गोष्ट त्यांना मी सांगते. १९१० पासून तिथं रीत आहे, स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा. मुठी-मुठीच्या त्या तांदळातून तिथल्या चर्चची केवढी तरी कामं उभी राहिली. आई तांदूळ मोजताना जे करते, ते मूल बघतंच.

पपांनी काय करायचं?

नव्या करारात तीमथ्य नावाचा तरुण आहे. त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये आणि मग आईत, युनीकेमध्ये होता, असं पौल लिहितो. आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे. वाचून आपल्याला बरं वाटतं. पण त्याचा अर्थ वडिलांना सुट्टी असा काढू नका! पुष्कळ घरांत प्रार्थना म्हणजे बायकांचं काम. पोरगा मोठा झाला की तोही पप्पांसारखा बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. आमचे हे एसटीत आहेत. मुक्कामी ड्यूटी असली की आठला फोन लावतात, आम्ही स्पीकर सुरू करतो. मागे स्टँडचा गोंगाट असतो आणि पपा प्रार्थना करत असतात. मुलांच्या मनावर ते जेवढं ठसतं तेवढे माझे दहा उपदेश ठसत नाहीत.

आणि चटईवरून उठल्यावर पपा आजीवर ओरडले, की मी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली, तर? मुलं लगेच बोट दाखवतात. दाखवू द्यावं. ज्या घरात मोठी माणसंही "चुकलं हं" म्हणतात, तिथं क्षमा म्हणजे काय हे निराळं शिकवावं लागत नाही.

पंख फुटल्यावर

मोठा आता पुण्यात होस्टेलवर आहे. दर रविवारी चर्चला जातोच असं नाही. तो ते लपवत नाही, याचं मला बरं वाटतं. फोनवर माझा पहिला प्रश्न "चर्चला गेलास का?" हा नसतो, "जेवलास का?" हा असतो. काळजी वाटत नाही असं नाही. अशा वेळी संत मोनिका आठवते. तिचा लेक ऑगस्टीन बुद्धिमान, पण वेगळ्याच वाटेला लागलेला. तिने वर्षानुवर्षं त्याच्यासाठी प्रार्थना केली. ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले म्हणून त्या लगोलग झाल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा वेळ घेतला, स्वतःच्या मनाने ठरवलं आणि पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेलं. विश्वास कुणाच्या हातात कोंबता येत नाही. समोर ठेवता येतो.

मध्यंतरी मुलाच्या खोलीतला एक मित्र तापाने फणफणला होता. हा रात्रभर जागून त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसला. सकाळी फोनवर सहज सांगून गेला, "मनातल्या मनात प्रार्थना पण केली गं. त्याला नाही सांगितलं." मी "बरं केलंस" एवढंच म्हटलं.

मैत्रिणींनो, तुमचा धर्म कुठलाही असो, मुलं आपलं ऐकतात कमी आणि बघतात जास्त. ख्रिस्ती मैत्रिणींना मात्र एवढं सांगेन, पुस्तकं, सीडी, शिबिरं यांची वाट बघू नका. रात्री पंधरा मिनिटं काढा. मुलांना बोलू द्या, प्रश्न विचारू द्या, रुसू द्या. एखाद्या दिवशी पाहुणे आले, लाइट गेली, प्रार्थना राहिली, तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी चटई पुन्हा टाका.