प्रतिमा-संपीडन, चित्रकृतींचे
हाताने काढलेल्या किंवा संगणकावर रेखाटलेल्या चित्राची अंकीय प्रतिमा कमी जागेत साठविता यावी, म्हणून तिच्यातील माहितीची पुनर्रचना किंवा काटछाट करण्याच्या क्रियेस ‘प्रतिमा-संपीडन’ म्हणतात. अंकीय प्रतिमा सूक्ष्म चित्रबिंदूंची बनलेली असते. ए-४ आकाराचे चित्र दर इंचास ३०० बिंदू या घनतेने टिपल्यास २,४८० × ३,५०८ म्हणजे सु. ८७ लक्ष बिंदू मिळतात व प्रत्येक बिंदूस ३ बाइट या हिशेबाने सु. २·६१ कोटी बाइट जागा लागते. शेकडो चित्रांच्या संग्रहास त्यामुळे संपीडन अटळ ठरते. मात्र छायाचित्रासाठी योजलेली पद्धत रेखाप्रधान चित्रास मानवतेच असे नाही.

हानिरहित पद्धती : यांत पुनरावृत्ती थोडक्यात नोंदविली जाते व मूळ प्रतिमा बिंदुशः परत मिळते. १९८७ मधील ‘जिफ’ प्रकार केवळ २५६ रंग साठवितो. त्यातील संपीडन-पद्धतीवरील एकस्वामुळे स्वामित्वशुल्काचा प्रश्न उद्‌भवला व त्यातून १९९६ मध्ये मुक्त असा ‘पीएनजी’ प्रकार पुढे आला. तो पूर्ण रंग व पारदर्शकता जपतो. सपाट रंगांच्या, संगणकावर काढलेल्या चित्राची पीएनजी फाईल फारच लहान होते. कागदावरील चित्र टिपताना मात्र कागदाचा पोत व उपकरणातील विक्षोभही नोंदले जातात. शेजारचे बिंदू तंतोतंत सारखे राहत नाहीत व बचत घटते.

हानियुक्त पद्धती : डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील यांत कायमचा गाळला जातो. मूळचे भारतीय असलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडलेले पृथक् कोज्या रूपांतर हा १९९२ च्या ‘जेपेग’ मानकाचा पाया होय. यात प्रतिमेचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातील मंद व जलद बदल वेगळे करतात आणि जलद बदल ढोबळपणे नोंदवितात. छायाचित्रातील आकाश वा त्वचा यांना ही काटछाट सोसते. पण काळी बाह्यरेषा म्हणजेच सर्वांत जलद बदल. त्यामुळे रेषेभोवती करड्या ठिपक्यांची झालर उमटते. रंगाची माहिती बहुधा निम्म्या घनतेने ठेवली जात असल्याने लाल व हिरव्या रंगांची सीमाही पुसट होते. अशी फाईल पुनःपुन्हा बदलून साठविल्यास दोष साचत जातात.

नवे प्रकार : गूगलने २०१० मध्ये आणलेल्या ‘वेबपी’चे हानियुक्त रूप रंग निम्म्या घनतेनेच ठेवते, त्याचे हानिरहित रूप बहुधा पीएनजीहून लहान असते. प्रतिमेची बाजू १६,३८३ बिंदूंपुरती मर्यादित असल्याने ३०० बिंदूंच्या घनतेने सु. १३८ सेंमी.पेक्षा लांब चित्रपट्टी एका फाईलीत मावत नाही. २०१९ मधील ‘एव्हीआयएफ’ शेजारच्या भागांवरून रेषेच्या दिशेचे पूर्वानुमान करतो. त्यामुळे लहान फाईलीतही कडा स्वच्छ राहतात. परंतु फार दाबल्यास बारीक पोत गुळगुळीत होतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेला ‘जेपेग एक्सएल’ दोन्ही रीतींनी चालतो व जुनी जेपेग फाईल आणखी हानी न करता सु. २० टक्क्यांनी आटोपशीर करतो. तथापि २०२३ मध्ये क्रोमने त्याचा प्रायोगिक स्वीकार मागे घेतला, तर सफारीने त्याच वर्षी तो स्वीकारला. त्यामुळे त्याचा प्रसार जेपेगइतका सार्वत्रिक झाला नाही.

चित्रशैली व निवड : महाराष्ट्रातील तीन चित्रपरंपरांवरून हा भेद स्पष्ट होतो. वारली चित्रात गेरूच्या भुईवर पांढरी रेषा असते. त्याची संगणकावर दोनच रंगांत उतरविलेली ए-४ प्रत संपीडनाविनाही सु. १०·९ लक्ष बाइटांत मावते व हानिरहित प्रकारात त्याहून पुष्कळ लहान होते. पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्यांत ठळक बाह्यरेषा व सपाट रंग असतात. तेथे जेपेगची झालर डोळ्यांत भरते, म्हणून हानिरहित वेबपी किंवा उच्च गुणवत्तेचा व पूर्ण रंगघनतेचा एव्हीआयएफ योग्य. रविवर्मा मुद्रणालयाच्या शिळाछापांत छटा सूक्ष्म ठिपक्यांनी साधलेल्या असतात. तेथे तीव्र संपीडनाने ठिपके विरघळून छापाचे तंत्रच अदृश्य होते; पाहणाऱ्यास मात्र चित्र उलट अधिक नितळ भासते.

जतन : पोथीचा कागद जीर्ण होतो, रंग झडतात. मूळ चित्र नष्ट झाल्यावर अंकीय प्रत हाच पुरावा उरतो व गाळलेला तपशील कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. यासाठी मूळ नोंद हानिरहित ठेवून ती एकाहून अधिक ठिकाणी साठवावी व प्रसारासाठी तिच्यापासूनच दर वेळी नवी हानियुक्त प्रत करावी. प्रसाराचे प्रकार काळाबरोबर बदलतात. मूळ नोंद अक्षत असल्यास प्रत्येक नव्या प्रकारात चित्र पुन्हा उतरविता येते.